अभियंत्यांना समाजशास्त्र शिकवणारा ऑनलाइन कोर्स: काय घ्यावं, काय सोडावं

आधी निकाल सांगून टाकते. पाचपैकी साडेतीन तारे. या कोर्सचे चार भाग असे आहेत की ते अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीने दाखवावेत. दोन भाग मात्र मी दीडपट वेगाने पळवत पाहिले, तरी संपता संपेनात. कोर्सचं नाव देत नाही. आमच्या ऑफिसातले दोघं-तिघं ज्युनियर अजून तो करताहेत आणि खाली मी बरीच नावं ठेवणार आहे. शिवाय ‘अभियंत्यांसाठी मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे’ अशा धर्तीचे कोर्स आता जागोजागी निघालेत, बहुतेकांचा आराखडा थोड्याफार फरकाने असाच असतो. तेव्हा तुमच्यासमोर दुसरा कुठला आला तरी हा रिव्ह्यू उपयोगी पडावा.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांनी काढलेली शॉप ड्रॉइंग, म्हणजे स्टीलचे भाग कारखान्यात कसे बनवायचे ते दाखवणारी ड्रॉइंग, तपासण्यात जातो. लाल पेन, रिव्हिजन क्लाउड, ‘वेल्डचा साइज लिहा’, ‘बोल्टचा ग्रेड कुठाय?’, आणि शेवटी शिक्का. मानव्यविद्येशी, म्हणजे इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य वगैरेंशी, माझा संबंध डिग्रीच्या एका इलेक्टिव्हपुरता. आदल्या रात्री वाचून पास व्हायचा विषय, अशी त्याची ख्याती होती आणि ती खरीच होती. म्हणून ऑफिसने हा कोर्स सुचवला तेव्हा मनात आलं की पुन्हा कोणीतरी येणार आणि आपल्याला ‘चांगलं माणूस’ व्हायला शिकवणार.

पहिल्या भागाने ती भीती घालवली, कारण त्यात प्रवचन नव्हतं, ड्रॉइंग होतं. जागा नाही, तारीख नाही, नाव नाही. एकाखाली एक असे दोन पादपूल, छतातून लोंबणाऱ्या स्टीलच्या रॉडवर टांगलेले. डावीकडे मूळ रचना: एकच सलग रॉड, वरचा पूल मध्यावर, खालचा शेवटी. उजवीकडे बदललेली: रॉडचे दोन तुकडे, पहिला छतापासून वरच्या पुलाच्या बीमपर्यंत, दुसरा त्याच बीमपासून खालच्या पुलापर्यंत. प्रश्न एवढाच, की वरच्या बीमखालच्या नटवर दोन्ही रचनांत किती भार येतो ते काढा. एका दोरीला दोघं जण वेगवेगळे लटकले तर प्रत्येकाच्या हातावर आपापलंच वजन येतं. खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले की वरच्याच्या हातांवर दोघांचं. उत्तर दुप्पट. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ते दहा मिनिटांत काढेल.

मग पान उलटतं आणि कळतं की हे कॅन्सस सिटीतलं हयात रीजन्सी हॉटेल. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी लॉबीत नाचाचा कार्यक्रम रंगला असताना हे दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. हे प्रकरण मला माहीत होतं, कुठल्याही स्ट्रक्चरलवाल्याला असतं. पण आम्हाला ते ‘कनेक्शन डिटेलिंगमधली चूक’ म्हणून शिकवलं गेलं आणि तिथेच संपलं. इथे ते तिथून सुरू होतं. फॅब्रिकेटरला, म्हणजे स्टीलचे भाग बनवून देणाऱ्याला, बदल हवा होता, कारण सलग रॉड ठेवला तर मधल्या नटसाठी बऱ्याच लांबीवर आटे पाडावे लागले असते आणि उभारताना ते खराब होण्याची भीती होती. मागणी अगदी रास्त. मग त्या बदलाला होकार कोणी दिला? फॅब्रिकेटर म्हणाला, फोनवर विचारलं होतं. अभियंत्यांच्या बाजूने, असा फोन आठवत नाही. अभियंते धरून चालले होते की कनेक्शनचं डिझाइन फॅब्रिकेटर करतो; फॅब्रिकेटर धरून चालला होता की शिक्का बसला म्हणजे कोणीतरी हिशेब केलाय. तपासात आणखी एक गोष्ट निघाली, जी मला कोणी सांगितली नव्हती. मूळ, सलग रॉडची रचनासुद्धा तिथल्या बांधकाम नियमांना हव्या असलेल्या भाराच्या साधारण ६० टक्केच पेलणारी होती. म्हणजे नुसतं ‘बदल केला म्हणून पडलं’ असं म्हणून सुटका नाही. पुढे जबाबदार अभियंत्यांचे परवाने मिसूरी राज्याने रद्द केले.

या भागाचा गृहपाठ असा: आपापल्या ऑफिसात एका ड्रॉइंगवरचा ‘मंजूर’ शिक्का नेमकी कशाची हमी देतो, ते तीन वेगवेगळ्या पदांवरच्या माणसांना विचारून लिहून आणा. मी विचारलं. तीन उत्तरं आली, आणि त्यातली कुठलीही दोन जुळत नव्हती. ड्राफ्ट्समनच्या मते मापं तपासलीत. प्रोजेक्ट मॅनेजरच्या मते सगळंच तपासलंय. तपासणारा सहकारी म्हणाला, आर्किटेक्टच्या कल्पनेशी ढोबळमानाने जुळतं, इतकंच. हा गृहपाठ आमच्या ऑफिसात मग मीटिंगचा विषय झाला आणि शिक्क्याखाली दोन ओळी वाढल्या. एखाद्या कोर्सने कामात इतका सरळ फरक पाडल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

दुसरा उत्तम भाग नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाचा. विषय घासून गुळगुळीत झालाय, कबूल. अभियांत्रिकीच्या नीतिशास्त्राचा एकही कोर्स त्याशिवाय पुरा होत नाही. पण इथे कॅमेऱ्यासमोर दोन शिक्षक बसतात, एक एरोस्पेसचा अभियंता आणि एक समाजशास्त्राची प्राध्यापिका, आणि दोघं चक्क भांडतात. अभियंत्याची बाजू आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. २८ जानेवारी १९८६ च्या आदल्या रात्री यानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे अभियंते सांगत होते की १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नका, थंडीत ओ-रिंगचं, म्हणजे रॉकेटचे जोड बंद ठेवणाऱ्या कड्याचं, रबर ताठर होतं आणि जोड नीट बंद होत नाही. मग कंपनीतल्या एका वरिष्ठाने दुसऱ्याला इंजिनिअरची टोपी उतरवून मॅनेजरची घालायला सांगितलं, शिफारस फिरली, आणि सकाळी सात जणांचा जीव गेला. खलनायक ठरलेले, नायक ठरलेले.

प्राध्यापिका म्हणते, मग आधीच्या वर्षांची कागदपत्रं वाचा. ओ-रिंगची झीज आधीच्या उड्डाणांतही दिसली होती. प्रत्येक वेळी विश्लेषण झालं, प्रत्येक वेळी नियमानुसार बैठका झाल्या, आणि प्रत्येक वेळी ती ‘स्वीकारार्ह जोखीम’ म्हणून नोंदली गेली. कुणी नियम मोडले नाहीत. नियम पाळत पाळतच सगळे तिथवर पोचले. ही मांडणी डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंची, १९९६ ची. मला ती वाचताना अस्वस्थ व्हायला झालं, कारण आमच्या धंद्यात रोज कानावर पडणारं एक वाक्य आहे: ‘मागच्या जॉबला चाललं होतं.’ नासाच्या फाइलींत तेच वाक्य जड भाषेत लिहिलेलं आहे. २००३ मध्ये कोलंबिया यान गेलं तेव्हा टाकीवरचा फोम सुटून यानावर आदळणं हेही असंच सवयीचं झालं होतं.

या भागात आणखी एक कडवट वाद येतो आणि तो कोर्सने मिटवायचा प्रयत्न केलेला नाही, याबद्दल एक तारा जास्त द्यावासा वाटतो. एडवर्ड टफ्टी या आलेखतज्ज्ञाने दाखवलं की अभियंत्यांनी झीज आणि तापमान एकाच आलेखावर, सगळ्या उड्डाणांसह नीट मांडलं असतं तर धोका डोळ्यांत भरला असता. ऐकायला फार पटतं. त्यावर त्या रात्री विरोध करणाऱ्यांपैकी रॉजर बॉइसजोली आणि त्यांच्या सहलेखकांनी नंतर उत्तर दिलं की तो आलेख काढायला लागणारी सगळी आकडेवारी त्या रात्री त्यांच्या हाताशी नव्हती, आणि टफ्टीने काय काय एकत्र मोजलं तेही पाहा. दोन्ही बाजू वाचायला देऊन कोर्स बाजूला होतो. आमच्या चर्चागटात यावरून जे काही पेटलं! एक प्रक्रिया अभियंता आणि एक डेटा विश्लेषक शेवटपर्यंत एकमेकांशी सहमत झाले नाहीत.

थेराक-२५ चा भाग सॉफ्टवेअरवाल्यांसाठी आहे असं समजून मी तो टाळणार होते. टाळू नका. हे कॅन्सरवर रेडिएशन देणारं यंत्र. १९८५ ते १९८७ च्या दरम्यान त्यातून सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा बसली, त्यातले काही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीची मात्रा अडवणारे हार्डवेअर इंटरलॉक होते. या मॉडेलमध्ये ते काढून सगळी भिस्त प्रोग्रामवर ठेवली होती. गंमत म्हणजे, गंमत कसली, पण तेच दोष आधीच्या यंत्राच्या प्रोग्राममध्येही होते. तिथे फक्त फ्यूज उडायचे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

तांत्रिक गोष्ट इतकीच. कोर्स जिथे रेंगाळतो ती जागा वेगळी आहे. रुग्ण सांगत होते की भाजलं, ऑपरेटर सांगत होत्या की पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ आलं, आणि कंपनीकडून उत्तर येत होतं की या यंत्रातून जादा मात्रा जाणं शक्यच नाही. असले संदेश दिवसातून इतक्यांदा यायचे की एक बटण दाबून पुढे जायची सवयच लागलेली. शेवटी एका रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ऑपरेटरला शेजारी बसवलं, तिने त्या दिवशी नेमकं काय आणि कशा क्रमाने टाइप केलं ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं, आणि कळलं की चूक दुरुस्त करताना तिच्यासारखी सराईत बाई झपाझप टाइप करते तेव्हाच दोष जागा होतो. प्रयोगशाळेत सावकाश टाइप करणाऱ्या माणसाला तो कधीच दिसला नसता. ज्याच्या हातात यंत्र आहे त्याचं ऐकण्याची पद्धतशीर रीत म्हणजे काय, हे यापेक्षा चांगल्या उदाहरणाने शिकवता येईल असं मला वाटत नाही.

चौथा भाग प्रत्यक्ष कामाचा. आपल्या क्षेत्रातली एक वस्तू घ्या, ती रोज वापरणाऱ्यांना भेटा, त्यांना प्रश्न विचारण्याआधी नुसतं बघा, मग लिहा. मी एका कारखान्यातला प्लॅटफॉर्म घेतला. ड्रॉइंग आमच्याच ऑफिसचं, माझ्या आधीच्या काळातलं. पाइपलाइनवरचा एक व्हॉल्व्ह प्लॅटफॉर्मच्या कठड्याबाहेर, हात जेमतेम पोचेल असा. डिझाइन नोटमध्ये लिहिलेलं, व्हॉल्व्हचा वापर क्वचित. तिथे उभं राहिल्यावर दिसलं की दर पाळीला एक माणूस कठड्याच्या मधल्या पाइपवर पाय ठेवून, बाहेर झुकून तो फिरवतो. त्या पाइपचा रंग बुटांनी गेलेला होता. म्हणजे तो पुरावा वर्षानुवर्षं तिथेच होता, आणि तपासणीला येणाऱ्यांच्या यादीत पाइपचा रंग हा मुद्दा नव्हता. मी दोन पानांचं लिहून पाठवलं. त्यावर शिक्षिकेचा शेरा एका ओळीचा: ‘क्वचित, असं कोणी आणि कोणाला विचारून लिहिलं, ते शोधा.’ ते शोधताना मला जुन्या मीटिंगच्या नोंदी उपसाव्या लागल्या. त्या मीटिंगला कारखान्याचा खरेदी विभाग होता, प्रोजेक्ट विभाग होता. प्लांट चालवणारं कोणीही नव्हतं. आता तिथे कठडा पुढे सरकवून पायरी दिली आहे.

सायकलचा भागही बरा आहे, छोटा पण मजेदार. मोठ्या पुढच्या चाकाची उंच सायकल धाडसी तरुणांना मर्दानी वाटायची आणि बायकांना, वयस्कांना जीवघेणी; एकच यंत्र, दोन वस्तू. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला तो हादरे कमी करायला. शर्यतवाल्यांनी आधी त्याची टिंगल केली, आणि त्या टायरची सायकल त्यांच्याच शर्यती जिंकायला लागल्यावर सगळे गप्प. तंत्रज्ञान आपोआप ‘सुधारत’ जातं हा समज मोडायला हे एक उदाहरण पुरतं.

आता तक्रारी.

‘कलाकृतींचं राजकारण’ नावाच्या भागात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे पूल येतात. तंत्रज्ञानाच्या राजकारणाचे अभ्यासक लँग्डन विनर यांनी १९८० मध्ये सांगितलेली गोष्ट: तिथले रस्ते-पूल उभारणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी पार्कवेवरचे, म्हणजे मोटारींसाठीच्या रस्त्यांवरचे, पूल मुद्दाम कमी उंचीचे बांधले, म्हणजे बसने येणारे गरीब आणि कृष्णवर्णीय समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचू नयेत. गोष्ट जबरदस्त आहे आणि कोर्स ती सिद्ध झाल्यासारखी सांगून मोकळा होतो. १९९९ मध्ये समाजशास्त्रज्ञ बर्नवर्ड योर्जेस यांनी तिची चिरफाड केली, त्याचा उल्लेखसुद्धा नाही. त्या पार्कवेवर बस आणि मालवाहू गाड्यांना तशीही मनाई होती, मग त्या अडवायला पुलाची उंची कशाला हवी? मोझेस यांचा हेतू काय होता यावर अजून वाद घालता येतो, आणि तोच तर शिकवायला हवा होता. चॅलेंजरला दोन्ही बाजू देणाऱ्या कोर्सने इथे एकच दिली. अभियंत्यांना ‘स्रोत तपासा’ म्हणणाऱ्याने आपला हिशेब दुसऱ्या पेनाने तपासून घ्यायला नको?

‘संवादकौशल्य’ हा भाग पूर्ण सोडा. ईमेलचा विषय कसा लिहावा, स्लाइडवर किती ओळी असाव्यात, हात कुठे ठेवावेत. हे मानव्यविद्येच्या नावाखाली का विकतात, तर कंपन्या तेवढंच मागतात म्हणून. आणि गोंधळ इथूनच सुरू होतो: कॉलेजं म्हणतात आम्ही मानव्यविद्या शिकवतो, आणि वेळापत्रकात बघावं तर मुलाखतीची तयारी. थायोकोलच्या अभियंत्यांना बोलता येत होतं. बोललेल्याचं पुढे काय झालं, हा खरा विषय.

इतिहासाचा भाग कोरडा आहे, पण एकदा नजर टाकायला हरकत नाही. अभियंत्यांना मानव्यविद्या किती शिकवायची या प्रश्नावर समित्या बसल्यात त्याला पाऊणशे वर्षं झाली. एमआयटीने १९४९ च्या एका समितीच्या अहवालानंतर १९५० मध्ये मानव्यविद्येची वेगळी शाखा उघडली. आजही तिथल्या पदवीला या गटातले आठ विषय लागतात. अमेरिकेतल्याच, अभियांत्रिकी शिक्षणावरच्या १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने अभ्यासक्रमाचा सुमारे पाचवा हिस्सा याला द्या म्हटलं. अभियांत्रिकीच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणारा १९८९ चा वॉशिंग्टन करार मानणाऱ्या सगळ्या देशांत नीती, समाज, पर्यावरण हे शब्द पदवीधराकडून असलेल्या अपेक्षांच्या यादीत आहेतच. म्हणजे यादीत जागा कधीच मिळालीय. ड्रॉइंगच्या तासाला मिळत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे परीक्षा. ‘खालीलपैकी कोणता नैतिक सिद्धांत या प्रसंगाला लागू पडतो?’ आणि चार पर्याय. उपयुक्ततावाद निवडला की हिरवी खूण, कर्तव्यवाद निवडला की लाल. ज्या प्रकरणावर दोन प्राध्यापक तासभर भांडतात त्यावर यंत्र एका सेकंदात निकाल देतं. लेखी कामांची तपासणी सहाध्यायी करतात आणि त्यांना दिलेली गुणपत्रिका शब्दसंख्या आणि ‘किमान दोन संज्ञांचा वापर’ एवढंच मोजते. एका गड्याने तीन वाक्यांत सात संज्ञा कोंबून पैकीच्या पैकी घेतले. शिक्षकांचा खरा शेरा फक्त प्रत्यक्ष कामाच्या भागाला मिळतो, म्हणून तो भाग आळसाने करू नका.

कोणी घ्यावा? पहिल्या वर्षाच्या मुलांनी नको. पुलाच्या नटवरचा भार स्वतः काढता आला नाही तर पहिला भाग निव्वळ अपघाताची गोष्ट होऊन बसेल. डिझाइनचा एखादा विषय झाला असेल, किंवा नोकरी लागून दोन-चार शिव्या खाऊन झाल्या असतील, तर हीच वेळ. शिकवणाऱ्यांनी तर जरूर पाहावा, विशेषतः दोन शिक्षक एकत्र बसवण्याची युक्ती उचलण्यासाठी. एकट्या समाजशास्त्रज्ञाला वर्गात पाठवलं की मुलं मागच्या बाकावर लॅबची जर्नल पूर्ण करतात.

प्रमाणपत्र नको असेल तर नोंदणी फुकटच्या वर्गात करा. व्हिडिओ आणि वाचनं सगळी दिसतात, फक्त क्विझ आणि शिक्षकांचा शेरा मिळत नाही. क्विझचं दुःख नाही. शेऱ्यासाठी मात्र प्रत्यक्ष कामाचा भाग सुटा घेता येतो, तेवढा घ्या, आणि त्याआधी कारखान्याची परवानगी काढून ठेवा, कारण जमा करायची मुदत कडक आहे आणि सुरक्षा विभागाचा गेटपास त्याहून सावकाश मिळतो.